नाव ही की आहे की नाही?

तारतम्य
यांग (YANG) ही नेटवर्क उपकरणांच्या डेटाची मांडणी लिहून ठेवायची भाषा. तिच्यातल्या डेटा मॉडेलांवरची एक पुस्तिका मराठीत करतोय. माझं वाक्य : 'यादीतली प्रत्येक नोंद तिच्या कळीने अनन्यपणे ओळखली जाते.' तपासणाऱ्या बाईंनी समासात लिहिलं, "कोणत्या फुलाची?" बरं, इंग्रजी 'की' (key) तशीच ठेवावी तर पुढचं वाक्य होतं : 'नाव ही की आहे की नाही ते आधी पाहा.' काय करू?

खडूस
किल्ली लिहा आणि मोकळे व्हा.

आडकित्ता
किल्लीने कुलूप उघडतं. इथे काय उघडतंय? दहा इंटरफेसांतला, म्हणजे पोर्टांतला, हा नेमका कुठला, एवढंच तर सांगायचंय. 'ओळखखूण' म्हणा.

खडूस
मग आयडेंटिफायरला काय म्हणणार? आणि आयडेंटिटीला? तिन्हीकडे ओळखच?

मात्रा
तिथेच गोची आहे. यांगमधली आयडेंटिटी एका वस्तूची नसतेच, ती प्रकाराची : 'इथरनेट' वगैरे. की सांगते 'हाच तो'. आपल्याकडे सामान्यनाम आणि विशेषनाम शाळेपासून आहेत की! आणि 'एकमेव' चुकूनही लिहू नका, यादीत एकच नोंद आहे असं वाटेल.

आडकित्ता
'अनन्य'सुद्धा मला खटकतं. अनन्यभावे शरण जातात, पोर्ट कॉन्फिगर करत नाहीत.

मात्रा
शिवाय यांगमध्ये 'युनिक' हे वेगळंच विधान आहे. सर्व्हरांच्या यादीची की 'नाव', आणि वर अट अशी की आयपी व पोर्ट यांची जोडी दोघांची सारखी नको. ज्या नोंदीत यातलं एखादं भरलेलंच नाही, ती या तपासणीतून सुटते. की मात्र सुटत नाही, निदान कॉन्फिगरेशनच्या यादीत तरी. दोन्हीला 'अनन्य' म्हटलंत तर वाचणारा मेलाच.

जुना वायरमन
शब्द राहू द्या, माझं ऐका. एसएनएमपीच्या, म्हणजे नेटवर्कवर नजर ठेवायच्या जुन्या पद्धतीच्या काळात आम्ही पोर्ट इफइंडेक्सच्या, म्हणजे उपकरणाने त्याला दिलेल्या आकड्यावरून ओळखायचो. एका रात्री राउटर रीस्टार्ट केला. सकाळी बघतो तर केबलच नसलेल्या पोर्टच्या आलेखावर धो धो ट्रॅफिक! दोन तास रॅकमागे बसून केबली उपसल्या. आकडे सरकले होते, बाकी काही नाही. आता आरएफसी ८३४३ या इंटरनेटच्या मानकात (२०१८) इंटरफेसची की म्हणजे नाव, आणि इफइंडेक्स नुसता वाचायला. देर आए.

खडूस
नावाचं तरी काय कौतुक? ते बदलायचं तर जुनी नोंद पुसून नवी करावी लागते. लीफरेफ या यांगमधल्या संदर्भाने जुन्या नावाकडे बोट दाखवणारे सगळे तोंडघशी.

जुना वायरमन
म्हणून काय १२८ बिटांचा यूयूआयडी, म्हणजे यंत्राने बनवलेला लांबलचक ओळखक्रमांक, द्यायचा? रात्री दोनला फोनवर वाचून दाखवा मग.

शुद्धमती
'देर आए' मराठी नाही. मूळ प्रश्नाबद्दल : 'कळ'च बरोबर. कळफलक चालतो, कळीचा मुद्दा चालतो, मग इथेच का अडतं?

आडकित्ता
कळीच्या मुद्द्यातली कळ यंत्राची कशावरून? कळीचा नारद आठवा. कलि म्हणजे भांडण.

शुद्धमती
काहीही! मुद्द्यावर भांडण होतं म्हणून तो कळीचा?

आडकित्ता
हा धागाच पाहा ना.

तारतम्य
उद्या मजकूर द्यायचाय. तूर्त 'की' ठेवतो, अवतरणचिन्हांत. दोन फील्ड मिळून एक की होते तिथे अनेकवचन लागत नाही, तेवढं बरंय.

खडूस
किल्लीचं किल्ल्या होतं. गडांच्या पुस्तकात घालू नका म्हणजे झालं.

शुद्धमती
आणि 'चावी' तर पोर्तुगीज.

मात्रा
चावी कोण म्हणालं?