नाताळची देणगी: संस्थाच "नको" म्हणतेय, शुक्रवारच्या आत उत्तर हवंय

कावेरी_क
आमच्या ऑफिसात दर नाताळाला चिठ्ठ्या टाकून एकमेकांना भेटी द्यायची पद्धत आहे. यंदा सगळ्यांनी ठरवलं की तेच ते कॉफीचे मग आणि सुगंधी मेणबत्त्या पुरे झाल्या, हा खर्च कुठल्यातरी चांगल्या कामाला देऊ. इथपर्यंत एकमत झालं आणि पुढचं सगळं नेहमीप्रमाणे माझ्या गळ्यात पडलं. मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला फोन केला. पहिल्या वेळी बाई छान बोलल्या. दुसऱ्या वेळी सरळ "आम्हाला जमणार नाही." आपण द्यायला निघालोय आणि घेणारेच नको म्हणतात, हे माझ्या तर डोक्यावरून गेलं. शुक्रवारपर्यंत दुसरी जागा ठरवून सगळ्यांना मेल टाकायची आहे. चांगली संस्था कशी शोधायची ते पटकन सांगा. प्रवचन नको, प्लीज.

रोखठोक
पैसे देणार की वस्तू? हे लिहिलंच नाहीत. पैसे असतील तर प्रश्नच मिटला, पैशाला कुणी नको म्हणत नाही.

हिशेबनीस
सर्वात आधी देश सांगा. करसवलतीसाठी ते महत्त्वाचं आहे. अमेरिकेत करवर्ष ३१ डिसेंबरला संपतं, म्हणून तिथे वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात देणग्यांची झुंबड उडते. ब्रिटनमध्ये ५ एप्रिल, भारतात ३१ मार्च. म्हणजे नाताळात दिलेच पाहिजेत असं या दोन देशांत करापुरतं तरी काही नाही. शिवाय सगळ्यांचे पैसे एकाच्या खात्यातून गेले तर पावती त्या एकाच्याच नावावर निघेल. नंतर ऑफिसात त्यावरून भांडणं होतात.

कावेरी_क
@हिशेबनीस करसवलतीचं कोणी विचारलंय का?
@रोखठोक थोडे पैसे आहेत, पण मुख्य म्हणजे खेळणी. लोकांनी आणून दिली आहेत, मीटिंगच्या खोलीत खोकी रचून ठेवलीत.

गोधडी
मी बरीच वर्षं अशाच एका संस्थेत डिसेंबरात मदतीला जाते, म्हणून विचारते. खेळणी नवी आहेत की वापरलेली? आणि नेऊन कधी देणार होतात?

कावेरी_क
दोन्ही आहेत. वापरलेली असली तरी चांगल्या स्थितीतली आहेत, मी स्वतः बघितलीत. २४ तारखेला दुपारी नेणार होतो, त्या दिवशी सगळे मोकळे असतात.

गोधडी
बघा, इथेच दोन गोष्टी अडतात.

२४ ला दुपारी आलेलं खोकं त्या नाताळाला कामाचं नसतं. आलेली वस्तू उघडून बघायची, वयाप्रमाणे लावायची, कोणत्या मुलाला काय ते ठरवायचं, एकाच घरातल्या दोन भावंडांत उणंअधिक होऊ द्यायचं नाही, मग ते घरी पोचवायचं. हे करणारे हात मोजकेच असतात. म्हणून पुष्कळ ठिकाणी डिसेंबरच्या मध्यालाच वस्तू घेणं बंद होतं. उशिरा आलेलं सगळं पुढच्या वर्षापर्यंत कुठेतरी रचून ठेवावं लागतं, आणि जागा तर कुणाकडेच नसते.

दुसरं वापरलेल्यांचं. कापडी खेळणं वरून स्वच्छ दिसलं तरी आत काय आहे कळत नाही. कोड्याचा एक तुकडा हरवलेला असतो, चार्जर नसतो, बॅटरीच्या झाकणाचा स्क्रू गेलेला असतो. लहान मुलाने बटणाएवढी बॅटरी गिळली तर ती जीवावर बेतते, हे गमतीत घेऊ नका. देणाऱ्याला "चांगल्या स्थितीतलं" वाटतं ते घेणाऱ्याला तपासत बसावं लागतं.

शिवाय सगळी खेळणी पाच ते नऊ वर्षांच्या मुलांची असतील, पैजेवर सांगते. चौदा-पंधराच्या मुलामुलींसाठी कोणी काही आणत नाही. दरवर्षी त्यांच्यासाठी आमची पळापळ होते.

इतिहासजमा
गोधडींच्या मुद्द्याला जोड देतो. अमेरिकेत मरीन कोअर या सैन्यदलाच्या राखीव दलाची 'टॉइज फॉर टॉट्स' नावाची खेळणी गोळा करायची मोहीम आहे. १९४७ मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झाली. एका मेजरच्या बायकोने हाताने बाहुली शिवली आणि गरजू मुलाला द्यायला सांगितलं. अशी बाहुली घेणारी संस्थाच सापडेना, मग तिनेच नवऱ्याला म्हटलं, तुम्हीच काढा एक. सुरुवातीची कित्येक वर्षं सैनिक जुनी खेळणी दुरुस्त करून, रंगवून वाटायचे. १९८० पासून मात्र ते फक्त नवीनच घेतात. म्हणजे हाताशी शिस्तीची माणसं असलेल्यांनीही शेवटी जुन्याला हात जोडले.

टवाळखोर
मीटिंगच्या खोलीत खोकी आहेत म्हणजे मीटिंगा बंद आहेत. दान आधीच सत्कारणी लागलं की.

रोखठोक
मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं. पैसे द्या, विषय संपवा. संस्था घाऊक भावात घेते, आपण दुकानात छापील किमतीला घेतो. इतिहासजमा, तो लाल किटलीचा किस्सा सांगा बघू, माझ्याच बाजूचा आहे.

इतिहासजमा
सांगतो. १८९१, सॅन फ्रान्सिस्को. साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेच्या जोसेफ मॅक्फी या कॅप्टनला हजारभर गरिबांना नाताळचं जेवण घालायचं होतं आणि खिशात काही नव्हतं. तरुणपणी खलाशी असताना लिव्हरपूलच्या धक्क्यावर त्याने एक मोठं भांडं बघितलं होतं, येणारेजाणारे त्यात गरिबांसाठी नाणी टाकायचे. तसंच भांडं त्याने फेरीबोटीच्या धक्क्यावर तिकाटण्याला टांगलं. जेवण झालं आणि नाताळात लाल किटली टांगून पैसे गोळा करायची प्रथा पडली. मॅक्फीने शिजवलेलं अन्न नाही मागितलं, नाणी मागितली, एवढं रोखठोकांच्या बाजूने मान्य.

ताईबाई
मला हे पैसे-पैसे अजिबात पटत नाही. पैसे दिले की निम्मे पगारात आणि भाड्यात जातात. वस्तू दिली की ती मुलाच्या हातात पडते, हे डोळ्यांनी दिसतं. मी आयुष्यात कधी कुणाला रोख दिलेली नाही.

रोखठोक
ताईबाई, त्या खोक्यांमधून खेळणी निवडणाऱ्या बाईला पगार नको? जागेला भाडं नको? अमेरिकेत देणगीदारांसाठी संस्था पारखणाऱ्या तीन मंडळींनी (चॅरिटी नॅव्हिगेटर, गाइडस्टार आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स) २०१३ मध्ये जाहीर पत्र काढलं होतं. केवळ प्रशासकीय खर्चाच्या टक्क्यावरून संस्था जोखू नका, असं त्यात म्हटलं होतं. असे आकडे छापणाऱ्यांनीच सांगितलं, आता अजून काय हवं?

ताईबाई
पत्रं काय, कोणीही काढतं. आमच्या ओळखीत एका संस्थेच्या चालकांनी स्वतःसाठी गाडी घेतली. बोला.

हिशेबनीस
म्हणूनच नोंदणी क्रमांक आणि लेखापरीक्षित हिशेब बघायचे. इंग्लंड-वेल्समध्ये चॅरिटी कमिशनची नोंदवही ऑनलाइन कोणालाही बघता येते. फोनवर घाई करणारा, फक्त गिफ्टकार्डावर किंवा कुणाच्या खाजगी खात्यात पैसे मागणारा दिसला की थांबायचं. नाताळात असले लोक जास्त फिरतात. नामांकित संस्थेच्या नावात एखादं अक्षर बदलून वेबसाइट काढतात.

पिंपळपान
मधेच विचारते, सॉरी. नणंदेला भेट म्हणून "तुझ्या नावाने एका कुटुंबाला बकरी दिली" असं कार्ड देणार आहे. ती बकरी खरंच दिली जाते का?

गोधडी
@पिंपळपान कार्डाच्या मागे बारीक अक्षरात बघा. बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं की भेट प्रातिनिधिक आहे आणि पैसे त्या प्रकारच्या कामाला एकत्र वापरले जातात. त्यात फसवणूक नाही, पण नणंदेने बकरीचं नाव विचारलं तर अडचण होईल.

@कावेरी_क तुमची मूळ गोष्ट मला अजून जुळत नाहीये. पहिल्या फोनला त्या हो म्हणाल्या. खेळण्यांचं तेव्हाच बोलला असाल ना? मग दुसऱ्या फोनवर असं नवीन काय सांगितलंत?

कावेरी_क
नवीन काही नाही. कार्यक्रम कसा असेल ते सांगितलं फक्त. आमचे साहेब सांताक्लॉजची दाढी लावून येणार, मुलांना रांगेत उभं करून भेटी देणार, त्याचे फोटो कंपनीच्या पत्रकात आणि समाजमाध्यमांवर टाकणार. एवढंच.

रोखठोक
"एवढंच" !!!

टवाळखोर
चाळीस प्रतिसाद खेळणी जुनी की नवी यावर घातले आणि गोम दाढीत होती.

गोधडी
त्यांनी खेळण्यांना नको म्हटलेलं नाही हो, फोटोला म्हटलंय. त्या मुलांपैकी काहींचा ठावठिकाणा घरातल्याच कुणापासून लपवून ठेवलेला असतो. काहींच्या बाबतीत न्यायालयाचे आदेश असतात. आणि तसं काही नसलं तरी वर्गातल्या मुलांनी तो फोटो बघितला तर त्या पोराने शाळेत जायचं कसं? बऱ्याच ठिकाणी भेट आईवडिलांच्या हाती देतात, म्हणजे ती मुलाला घरच्यांकडूनच मिळते. तिथे दाढीवाले साहेब कुठे बसवणार?

साल्व्हेशन आर्मीची 'एंजल ट्री' १९७९ पासून आहे. मॉलमधल्या झाडावर कागदी देवदूत टांगतात, त्यावर मुलाला काय हवंय ते लिहिलेलं असतं. आपण एक चिठ्ठी उचलायची, ती वस्तू नवीन आणून द्यायची आणि घरी जायचं. मुलाची भेट होत नाही, व्हायची गरजही नसते.

ताईबाई
पण फोटो बघूनच चार लोकांना द्यावंसं वाटतं ना? गुपचूप दिलं तर पुढच्या वर्षी कोण देणार?

इतिहासजमा
ताईबाई, ज्याच्या नावावर हा सगळा दाढीचा व्यवहार चालतो तो संत निकोलस चौथ्या शतकातला मायराचा बिशप (ती जागा आता तुर्कस्तानात आहे). त्याची सगळ्यात प्रसिद्ध दंतकथा अशी की तीन मुलींच्या बापाकडे लग्नासाठी पैसे नव्हते, तर याने रात्री खिडकीतून सोन्याच्या थैल्या आत टाकल्या, कुणाला कळू नये म्हणून. तुमच्या साहेबांना ही गोष्ट सांगून बघा, दाढी उतरेल.

ताईबाई
दंतकथाच ना ती. तेव्हा कंपनीचं पत्रक नव्हतं.

कावेरी_क
ठीक आहे. साहेबांशी बोलले. मुलांऐवजी खोकी बांधताना आमचेच फोटो काढायचे म्हटलं, तर ते म्हणाले "चालेल, पण दाढी लावणार." लावा म्हटलं. आता त्याच संस्थेला पुन्हा फोन करू की दुसरी शोधू? आणि वापरलेल्या खेळण्यांचं काय करू? लोक विचारणार, आमचं कुठे गेलं म्हणून.

गोधडी
त्याच संस्थेला करा. फोटो होणार नाहीत हे पहिल्याच वाक्यात सांगा आणि "तुम्हाला काय हवंय" असं विचारा, "आमच्याकडे काय आहे" ते नंतर. मोठ्या मुलांसाठी काही हवंय का तेही विचारा. पैसे देणार असाल तर कशासाठी वापरायचे ही अट घालू नका.

वापरलेली खेळणी धर्मादाय दुकानाला विचारून बघा. ते विकून पैसे कामाला लावतात, तिथे वयाची आणि तारखेची घाई नसते. नेण्याआधी फोन करा, कापडी आणि विजेवर चालणारी सगळीकडे घेत नाहीत. तुकडे हरवलेली असतील ती आधीच बाजूला काढा, ते काम त्यांच्यावर ढकलू नका.

आणि ऑफिसात कुणाला प्रत्यक्ष जाऊन मदत करायची असेल तर फेब्रुवारीची तारीख मागा. नाताळात संस्थेच्या दारात स्वयंसेवकांची रांग असते, नंतर कोणी फिरकत नाही.

कावेरी_क
फेब्रुवारीत आमचं वर्षअखेरीचं ऑडिट असतं. मार्च विचारते.

हिशेबनीस
वर्षअखेर कुठल्या महिन्यात आहे? देश अजूनही सांगितला नाहीत.