गाडीपासून खुर्चीपर्यंत : कामाच्या ठिकाणी गाडी कुठे लावता?

यवतमाळ जिल्हा, बँकेत नोकरी (धागा मीच काढतोय)

नऊ वर्षांपूर्वी शेतातल्या विहिरीत पडलो, कमरेखालचं सगळं गेलं. दोन वर्षं घरी काढली आणि मग तालुक्याच्या गावी बँकेत परत रुजू झालो. रोजचे अकरा किलोमीटर, साइड व्हील लावलेल्या स्कूटरवर. एक चाकाची खुर्ची घरी असते, दुसरी बँकेच्या खिडकीच्या गजाला साखळीने बांधलेली. मी पोचलो की हॉर्न देतो, शिपाईभाऊ साखळी सोडून खुर्ची गाडीजवळ आणतात.

गाडी लावायला जागा नाही म्हटलं की इकडे लोक हसतात. "एवढं पटांगण पडलं हाये ना भाऊ, लावा कुठीबी!" पटांगण आहे, खरं आहे. पण माझी स्कूटर मागे जात नाही. तुम्ही पाय टेकवून गाडी मागे सरकवता, माझे पाय ते करत नाहीत. म्हणून येतानाच गोल वळून, तोंड रस्त्याकडे करून लावावी लागते. त्यात बाजूला खुर्ची आडवी मावली पाहिजे. नियमाच्या पुस्तकात दिव्यांगांच्या पार्किंगची रुंदी 3600 मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ बारा फूट दिली आहे. ती चारचाकीसाठी आहे, मला तेवढी नको. पण ती रुंदी का दिली हे ज्याला कळलं त्याला माझी अडचण कळली. गाडीला जागा सगळेच देतात, गाडीच्या बाजूला कोणी देत नाही.

आणि सावली. बँकेसमोर एकच कडुनिंब आहे आणि सगळ्या तालुक्याला गाडी त्याच्याखाली लावायची असते. मागच्या एप्रिलात सावली मिळाली नाही, गाडी दिवसभर उन्हात होती. संध्याकाळी तापलेल्या सीटवर तसाच बसलो आणि घरी आलो. मला काही कळलं नाही, कळणारच नाही. रात्री बायकोने पाहिलं तर मांडीच्या मागे हाताच्या पंजाएवढा फोड. दीड महिना पालथा झोपून काढला, रजा बिनपगारी. तेव्हापासून डिकीत एक पोतं असतं. निघायच्या आधी शिपाईभाऊ ते भिजवून सीटवर टाकतात, पाच मिनिटांनी काढतात, मग मी सरकतो.

तुम्ही कसं करता? गाडी कुठे, खुर्ची कुठे, आणि मधलं अंतर कसं कापता, ते लिहा. शहराचं नको, तिथलं पुष्कळ लिहिलं जातं.

चंद्रपूर जिल्हा, जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका

दादा, ते पालथं झोपणं माहीत आहे. मी लहानपणच्या पोलिओची, मला संवेदना आहे, त्यामुळे माझं सीट मला ओरडून सांगतं. तेवढं सुख.

माझा प्रश्न उन्हाळ्यातला नाही, आमच्या शाळेला तेव्हा सुट्टी असते. माझा प्रश्न जुलैतला. शाळेला रॅम्प आहे आणि चांगला आहे. पण तो सुरू होतो व्हरांड्यापाशी, आणि फाटकापासून व्हरांड्यापर्यंत साठ फूट काळी माती. पहिला पाऊस झाला की साइड व्हील रुततं. मधलं चाक फिरत राहतं आणि मी जागच्या जागी. खुर्चीचं तर बोलूच नका, पुढची छोटी चाकं त्या मातीत अशी बसतात की खुर्ची पुढे तोंडावर येते. पहिल्या वर्षी सातवीची मुलं मला खुर्चीसकट उचलून नेत. मुलं हसत नसत, पण मला वर्गात गेल्यावर पहिली दहा मिनिटं फळ्याकडेच तोंड करून उभं राहावंसं वाटायचं, म्हणजे उभं राहता आलं असतं तर.

ग्रामपंचायतीला तिच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करावे लागतात, ते घेऊन सरपंचांकडे गेले. ते म्हणाले, "मॅडम, तो निधी गावातल्या लोकांचा. तुम्ही तं बाहेरगावच्या." बरोबरच होतं एका अर्थी. त्या पैशावर गावातल्या आठ-दहा घरांची नजर असते, मी त्यात कशाला हात घालू? शेवटी पालकसभेत एकाने विचारलं, "मुरूमच पाह्यजे ना?" आणि रविवारी दोन ट्रॉल्या मुरूम येऊन पडला. फाटकापासून रॅम्पपर्यंत चार फुटांची पट्टी. दरवर्षी थोडा वाहून जातो, दरवर्षी परत टाकतात.

आता व्हरांड्याशेजारी माझी जागा आहे. सोमवारी परिपाठाआधी पाचवीची मुलं चुन्याने चौकट आखतात. चौकट कधी गाडीएवढी असते, कधी ट्रकएवढी. परवा केंद्रप्रमुखांनी आपली मोटरसायकल त्यात लावली, तर एका पोराने जाऊन सांगितलं, "सर, हे बाईंचं घर आहे."

गोंदिया जिल्हा, पंचायत समितीत रोजंदारीवर ऑपरेटर

आमच्या इमारतीच्या रॅम्पवर पानठेला आहे. ठेलेवाला माणूस चांगला आहे, मी आलो की खर्रा घोटायचं थांबवून फळी उचलतो आणि मला जाऊ देतो. मग फळी परत टाकतो. चार वर्षं हेच चाललंय.

बुलडाणा जिल्हा, सरकारी कार्यालयात लिपिक

पानठेला वाचून हसलो आणि मग हसू राहिलं नाही.

माझं प्रकरण कागदाचं आहे, जरा लांब होईल. माझ्याकडे हाताने चालवायची कार आहे, ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर दोन्ही हातात. खुर्ची शेजारच्या सीटवर असते. उतरताना दार पूर्ण उघडून, चाकं काढलेला सांगाडा छातीवरून ओढून बाहेर घ्यायचा, मग एकेक चाक लावायचं. त्यासाठी उजवीकडे मोकळी जागा लागते. आमच्या आवारात ती सकाळी साडेनऊला असते. साडेपाचला माझ्या दाराला टेकून तीन मोटरसायकली उभ्या असतात आणि मालक तारखेवर आलेले, कुठल्या खोलीत ते देव जाणे. दोनदा मला सहा वाजून गेले.

मग अर्ज केला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चा, एप्रिल 2017 पासून लागू. कलम 23 प्रमाणे प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमायचा असतो. आमच्याकडे तो कोण, हे शोधण्यात महिना गेला. आस्थापनेचं काम पाहणारे जे गृहस्थ माझ्यासोबत डबा खात, तेच निघाले. त्यांनाही माहीत नव्हतं.

उत्तर आलं ते पाठ झालंय : "सदर कार्यालयाच्या आवारात पार्किंगची अधिकृत व्यवस्था नसल्याने राखीव जागेचा प्रश्न उद्भवत नाही." लिपिक म्हणून सांगतो, मसुदा उत्तम आहे. मी लिहिला असता तरी असाच लिहिला असता.

दुसरा अर्ज केला, त्याची एक प्रत पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे टाकली. पंधरा दिवसांत पाटी लागली, निळी, व्हीलचेअरचं चित्र वगैरे. कुठे? जनरेटरच्या मागे, आवाराच्या दुसऱ्या टोकाला. टेप घेतला आणि शिपायाला धरायला लावला. दारापासून 74 मीटर. मार्गदर्शक सूचनांत 30 मीटरच्या आत म्हटलंय. तिसरा अर्ज. आता पाटी पायऱ्यांजवळ आहे, रॅम्पच्या तोंडाशी. तिथे साहेबांचा ड्रायव्हर "पाचच मिनिटं" गाडी लावतो. तो माझ्याच गावचा, भाऊकीतला. त्याच्याविरुद्ध अर्ज कुठे करायचा ते अधिनियमात दिलेलं नाही.

एक मात्र झालं. परवा एक बाई मुलाला पाठीवर घेऊन दाखल्यासाठी आल्या. त्यांच्या ऑटोवाल्याने पाटी पाहून ऑटो सरळ तिथे लावला. मी खिडकीतून पाहत होतो. माझी गाडी त्या दिवशी बाहेर रस्त्यावर होती, पण हरकत नाही वाटली.

वर्धा जिल्हा, कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेबनीस

मी खाजगीतला, मला कलमं सांगू नका, शेठ हसतील.

हंगामात आमच्या आवारात पहाटे चारपासून कापसाच्या गाड्यांची रांग असते. ट्रॅक्टर, मेटॅडोर, अजूनही काही बैलबंड्या. जागा मागायची कोणाला? रात्रभर जागलेला शेतकरी, कापसाच्या भावाची चिंता डोक्यात, त्याला मी म्हणू का, भाऊ तुमची बंडी जरा घ्या? पहिल्या वर्षी मी गाडी बाहेर हॉटेलसमोर लावायचो आणि दोनशे मीटर खुर्ची हाकत यायचो. खुर्चीवाल्यांना सांगतो, रुई ही फार वाईट वस्तू आहे. पुढच्या छोट्या चाकांच्या बेअरिंगमध्ये धागा धागा गुंडाळत जाते. आठ दिवसांत चाक जाम. मी खिशात जुनं ब्लेड ठेवतो, जेवणाच्या सुट्टीत खुर्ची उलटी करून कापत बसतो.

मग लक्षात आलं की सगळ्या आवारात एकच जागा कधी अडत नाही : वजनकाट्याच्या बाजूची. काट्याला काही टेकलं की वजन चुकतं, म्हणून तिथे कोणी गाडी आणत नाही आणि आणली तर काटेवालाच बोंबलतो. त्याला म्हटलं, माझी स्कूटर काट्यापासून तीन फूट, भिंतीला लागून. तो म्हणाला, "काट्याले लागली तं मी जिम्मेदार नाई." सहा हंगाम झाले, लागली नाही. तेव्हा माझा सल्ला एवढाच, राखीव जागा मागत बसण्यापेक्षा जी जागा दुसऱ्या कारणाने आधीच राखलेली आहे तिच्या शेजारी चिकटा. फायर बकेट, मीटरपेटी, पाण्याचा टँकर भरायचा नळ, काहीही.

अकोला जिल्हा

वरच्या हिशेबनीस भाऊंशी सहमत नाही. चिकटून किती दिवस? काटेवाला बदलला की संपलं. चुन्याची चौकटही बाईंची बदली झाली की पुसणार. लिपिक साहेबांच्या तीन अर्जांनी पाटी तरी लागली, आणि ती ऑटोतल्या बाईंच्या कामी आली.

मी स्वतः आता चालवत नाही. पुतण्या सोडतो, पुतण्या नेतो. एसटीत दिव्यांगांना 75 टक्के सवलत आहे, पण पहिली पायरी गुडघ्याच्या वर, सवलतीने पायरी खाली येत नाही. पुतण्याचं लग्न ठरलंय वैशाखात. त्यानंतरचं माहीत नाही.

अमरावती जिल्हा, व्हीलचेअर वापरत नाही, तरी लिहितो

मी त्या मोटरसायकलवाल्यांपैकी आहे.

आठवडी बाजाराच्या दिवशी एका कार्यालयासमोर गाडी लावली, दोन स्कूटरांच्या मधल्या रिकाम्या जागेत. ती जागा रिकामी का आहे हे मनातही आलं नाही. बाजार केला, चहा घेतला, तासाभराने आलो. एक माणूस व्हीलचेअरवर, उन्हात, डोक्यावर दुपट्टा, माझ्या गाडीकडे पाहत बसलेला. त्याची स्कूटर माझ्या गाडीच्या पलीकडे. म्हटलं, आवाज द्यायचा ना भाऊ, कोणीतरी उचलून बाजूला केली असती. तो म्हणाला, "हँडल लॉक हाये तुमचं. दोघातिघांनं पाह्यलं उचलून."

मी सॉरी म्हटलं. तो काही बोलला नाही, स्कूटरवर सरकायला लागला. मी मदतीला हात लावला तर म्हणाला, "हात नका लावू, पडतो." मग मी नुसता खुर्ची धरून उभा राहिलो. तेवढंच त्याला हवं होतं, खुर्ची हलू नये एवढं.

आता हँडल लॉक करत नाही बाजारात. गाडी चोरीला जाईल म्हणून घरी रोज बोलणी खातो.

यवतमाळ जिल्हा, बँक (परत मीच)

अमरावतीच्या भाऊ, बरं केलंत लिहिलंत. आणि हो, खुर्ची धरून ठेवणं हीच मदत.

जिनिंगवाल्या भाऊंचं ब्लेड मी उचलतोय, माझ्या चाकात रुई नाही पण बायकोचे केस निघाले. मुरमाचं बँकेत विचारलं, मॅनेजर मॅडम हो म्हणाल्या.

एक अडचण नवी आहे. परवा कडुनिंबाच्या बुंध्यावर लाल रंगात आकडा टाकून गेलेत, 112. रस्ता रुंद होणार आहे. मोजणीवाल्या पोराला विचारलं, कधी? तो म्हणाला, पावसाळ्याच्या आधी. म्हणजे येणारा एप्रिल-मे बिनसावलीचा. बँकेच्या भिंतीला लागून टिनाची छोटी पडवी काढायची झाली, दहा बाय आठची, तर घरमालक बँकेकडे बोट दाखवतो आणि बँक घरमालकाकडे. भाड्याच्या इमारतीत असं शेड कोणी काढून घेतलंय का? खर्च कोणी केला? आणि टिनाखाली गाडी तापते का, की वर तुराट्या टाकाव्या लागतात, तेही सांगा.