मदत हवी आहे: खारी या लाजाळू कुत्रीसाठी घर (ठाणे / नवी मुंबई)

नमस्कार. मी ऐरोलीत राहते. अडीच महिन्यांपासून आमच्याकडे एक छोटी कुत्री आहे, तिला कायमचं घर हवं आहे. ठाणे, नवी मुंबई, फार तर मुलुंडपर्यंत. थोडं लांबलचक होईल, पण तिच्याबद्दल अर्धवट सांगून एकदा चूक झाली आहे, ती पुन्हा व्हायला नको.

जुलैच्या धो धो पावसात खाडीकडच्या रस्त्याला, लोक फ्लेमिंगो बघायला जातात त्या बाजूला, ती एका बंद टपरीखाली बसलेली दिसली. तिथली कुत्री तिला जवळ येऊ देत नव्हती आणि गाडी आली की बाजूला व्हायचं हेही तिला माहीत नव्हतं. तीन दिवस डबा ठेवून मी लांब उभी राहायचे. चौथ्या दिवशी उचलून रिक्षात घेतली, तर घर येईपर्यंत माझ्या काखेत तोंड खुपसून बसली होती. रंग अगदी खारी बिस्किटाचा, म्हणून नाव खारी.

मानेभोवती बोटभर रुंदीची, केस गेलेली गोल खूण होती. बराच काळ घट्ट बेल्ट असल्याशिवाय अशी खूण पडत नाही. कानाला खाच नव्हती (महापालिका नसबंदी करून सोडते त्या कुत्र्यांच्या कानाला खाच असते). दवाखान्यात चिप (मालकाची ओळख पटावी म्हणून कातडीखाली बसवतात ती) आहे का तेही बघितलं, नव्हती. महिनाभर सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फोटो फिरवले, दुकानांत कागद लावले. कोणी आलं नाही. ती कुणाच्या तरी घरात वाढली आहे आणि तिला तिथे आणून सोडलं आहे, याबद्दल मला शंका नाही.

पहिल्या रात्री नवऱ्याने टॉर्च धरला आणि मी चिमट्याने तिच्या कानांतल्या, बोटांच्या बेचक्यांतल्या गोचिडी एकेक करून काढल्या. दोन तास लागले. एकदाही गुरगुरली नाही. दुखलं की फक्त माझ्या मनगटाला जीभ लावायची, जणू बस झालं म्हणून विनवत होती. रक्त तपासलं तर टिक फिव्हर (गोचिडींमुळे होणारा आजार) निघाला, प्लेटलेट्स बऱ्याच खाली होत्या. २८ दिवस डॉक्सिसायक्लिन दिलं, आता रिपोर्ट चांगला आहे. रेबीजची लस, नाइन-इन-वन या एकत्रित लशीचे दोन्ही डोस, जंताचं औषध, नसबंदी सगळं झालंय, टाकेही निघाले. वजन ८ किलो, दातांवरून वय तीन-चार वर्षं.

आता स्वभाव. वरून हात आला की ती जमिनीला चिकटते. कोणी झाडू किंवा छत्री उचलली की कपाटामागे जाते. कुकरची शिट्टी आता चालते, पण फोडणीचा चर्र आवाज अजून चालत नाही. भुंकताना मी तिला एकूण चार वेळा ऐकलं असेल. पण तुम्ही खाली बसलात, तिच्याकडे पाठ केलीत आणि शेंगा सोलायला घेतल्यात, तर दहा मिनिटांत ती येते आणि आपली पाठ तुमच्या पाठीला टेकवून बसते. मग हळूहळू वजन टाकते. एकदा तुमची झाली की बाथरूमच्या दाराबाहेरसुद्धा वाट बघत बसते. इतका जीव लावणारं जनावर मी दुसरं पाहिलेलं नाही.

मग देतेस कशाला, असं कुणी विचारेल. ऑगस्टमध्ये सासूबाई पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं, आता वॉकर घेऊन चालतात. घर वन बीएचके. खारीचा सगळ्यात जास्त जीव त्यांच्यावरच, त्यामुळे ती नेमकी वॉकरच्या पायांत येऊन झोपते. गेल्या आठवड्यात आई दुसऱ्यांदा पडता पडता वाचल्या. त्या स्वतः म्हणतात, राहू दे गं तिला. पण आता मला ती जोखीम घ्यायची नाही.

मध्ये एका कुटुंबाने नेलं होतं. मी त्यांना फक्त “शांत आहे” एवढंच सांगितलं. दुसऱ्याच दिवशी त्यांच्याकडे मुलाचा वाढदिवस होता, फुगे, पंचवीस माणसं. खारी दोन दिवस पलंगाखालून निघाली नाही, तिथेच शू केली, चौथ्या दिवशी त्यांनी आणून सोडली. परत आल्यावर आठवडाभर ती माझ्याही हातून खात नव्हती.

म्हणून घर शांत हवं. लहान मुलं नकोत, दहा-बाराच्या पुढची चालतील. दिवसभर कुलूप नको. बाल्कनी आणि खिडक्यांना जाळी हवी, ही कुठल्याही फटीतून निघेल. पैसे नकोत, फक्त आधी दोन-तीनदा भेटायला या. आणि ज्यांनी अशी भित्री कुत्री सांभाळली आहेत त्यांना विचारायचं होतं: दिवाळी तोंडावर आहे, तर घर मिळालं तरी आत्ता द्यावी की फटाके संपल्यावर?

प्रतिसाद: मी घणसोलीत भाड्याने राहतो, घरूनच काम. खूप इच्छा आहे, पण सेक्रेटरी म्हणतात सोसायटीत प्राणी चालत नाहीत, लिफ्टमध्ये तर नाहीच.

धागाकर्ती: सोसायटीला अशी बंदी घालता येत नाही. प्राणी कल्याण मंडळाची २०१५ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यात लिफ्टचंही स्पष्ट लिहिलंय. ती छापून सेक्रेटरींना द्या. मात्र घरमालकाची लेखी परवानगी आधी घ्या. भाडेकराराच्या वेळी यावरून कुरबुर झाली तर फटका खारीलाच बसतो. मालक हो म्हणाले तर जरूर कळवा.

प्रतिसाद: ताई, राग मानू नका. नसबंदी, लस झाली की जिथून उचललं तिथेच सोडायचं, असा नियम आहे ना? तिथे कोणी खायला घालत असेल तर काय हरकत आहे?

धागाकर्ती: राग नाही, बरं झालं विचारलंत. २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतली ती तरतूद रस्त्यावरच वाढलेल्या कुत्र्यांसाठी आहे. त्यांचा तो इलाका असतो, सोबती असतात, कुठल्या दुकानाखाली पाऊस लागत नाही ते ठाऊक असतं. हिला यातलं काहीच नाही. घरातलं जनावर असं नेऊन सोडणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. तिच्यासोबत तो एकदा झालाय, माझ्या हातून पुन्हा होणार नाही.

प्रतिसाद: नेरुळहून. आमची अशीच होती, आता सहा वर्षं झाली. पहिले तीन दिवस ती फक्त लपेल, तीन आठवड्यांत घराची वेळ कळेल, तीन महिन्यांनी खरी खारी दिसेल. नवीन माणसांना हे आधीच सांगा, म्हणजे चौथ्या दिवशी धीर सुटत नाही. माझं मत, दिवाळीनंतरच द्या. नवीन जागा आणि फटाके एकदम नकोत, बरीच कुत्री याच दिवसांत पळतात. तोवर भेटी चालू ठेवा. बाहेर नेताना हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) आणि गळ्यातला पट्टा दोन्ही, दोन वेगळ्या दोऱ्या. घाबरली की ही मंडळी मागे सरकून हार्नेसमधून निसटतात. पट्ट्यावर फोन नंबर लिहा. आणि तिची चादर न धुता सोबत पाठवा, वास ओळखीचा लागतो.

धागाकर्ती: चादरीचं डोक्यातच आलं नव्हतं. मागच्या वेळी मी धुऊन, इस्त्री करून दिली होती. खूप आभार.

प्रतिसाद: कोलशेतला राहतो, आम्ही दोघंच, मिस्टर रिटायर झालेत. आमची चौदा वर्षांची कुत्री मागच्या वर्षी गेली. शेवटी तिला परळच्या बैलघोडा हॉस्पिटलपर्यंत नेलं होतं, पण वयच झालं होतं. परत पाळायचं नाही असं ठरवलं होतं. तुम्ही ते पाठीला पाठ लावून बसण्याचं लिहिलंत ते मी मिस्टरांना वाचून दाखवलं. ते रोज सकाळी खाली सतरंजीवर बसून तासभर पेपर वाचतात. जाळ्या आहेत. आम्हाला काही झालं तर भाची माजिवड्यालाच आहे, तिला विचारलंय, ती तयार आहे. भेटायला कधी येऊ?

धागाकर्ती: काकू, रविवारी अकराला या. पत्ता मेसेज करते. बेल वाजवू नका, खाली आलात की फोन करा. तिच्याकडे बघू नका, हाक मारू नका, आल्या आल्या खायलाही देऊ नका. आईंनी हॉलमध्ये सतरंजी काढून ठेवायला सांगितली आहे. काकांना त्यांचा पेपर सोबत आणायला सांगा.