चेहरा कोरलेली रेनेसाँ काळातली पदकं इटलीत कुठे बघावीत?

नाणेवेडा: मे महिन्यात इटलीला जातोय. नाण्यांचा नाद जुना, त्यामुळे पंधराव्या शतकातली चेहऱ्यांची पदकं बघायचीच आहेत. फ्लॉरेन्सला दोन दिवस, शिवाय एक दिवस मोकळा. ही बड्या लोकांनी मिरवायला करून घेतली म्हणतात, ते नुसतं बघून कळतं का? सौ. बरोबर आहेत, त्यांना संग्रहालयांचा कंटाळा. जाणकारांनी सुचवावं.

ओतकाम: आधी फ्लॉरेन्सचं बार्जेल्लो संग्रहालय. पण नाण्यांचा हिशेब घरी ठेवून जा. सुरुवातीची पदकं ठशाने पाडलेली नाहीत. मेणाचा नमुना करून ब्राँझ किंवा शिशात ओतलेली आहेत. बाजारात चालवायची नव्हेतच, सोयऱ्याधायऱ्यांना आणि दरबारी विद्वानांना भेट धाडायची. त्या काळातला पदककार पिसानेल्लो, त्याची कामं शोधा. पुढून रोमन सम्राटाच्या थाटातला एका बाजूचा चेहरा असतो, पण खरी गंमत मागे. फेर्राराचा सत्ताधीश लिओनेल्लो देस्ते, त्याच्या लग्नाचं 1444 चं पदक घ्या: मागे मदन हातात स्वरलिपी धरून सिंहाला गाणं शिकवतोय. लिओनेल्लो म्हणजे छोटा सिंह, तेव्हा सिंह म्हणजे नवरदेव! काचेत बऱ्याचदा एकच बाजू दिसते, म्हणून दुसरीचे फोटो आधीच नेटवर बघून ठेवा.

चष्मेबद्दूर: फ्लॉरेन्सचंच उफिझी हे चित्रसंग्रहालय सोडू नका. बोत्तिचेल्लीच्या चित्रातला एक तरुण फ्लॉरेन्सचा बडा सावकार कोझिमो मेदिची याचं पदक छातीशी धरून उभा आहे. पदक रंगवलेलं नाही, गिलाव्याचं घडवून, मुलामा देऊन चित्रात बसवलंय. तरुण कोण, ते आजही नक्की ठरलेलं नाही. दुसऱ्याचा चेहरा हातात धरूनही मिरवता यायचं ते असं.
अवांतर: व्हिएन्नाला मांतुआची राणीसाहेब इझाबेल्ला देस्ते हिचं सोन्याचं पदक आहे, भोवती नावाची अक्षरं हिऱ्यांची. हौसेला मोल नाही.

समुद्रपक्षी: मोकळा दिवस रिमिनीला द्या. तिथला तेव्हाचा सत्ताधीश सिजिस्मोंदो मालातेस्ता याने स्वतःची पदकं इमारतींच्या भिंतींत पुरून ठेवली होती. मात्तेओ दे पास्ती या पदककाराच्या पदकावर, 1450 साल घालून, सिजिस्मोंदोचं रिमिनीतलं चर्च भल्यामोठ्या घुमटासकट दाखवलंय. आराखडा वास्तुकार आल्बेर्तीचा. घुमट कधी झालाच नाही. पदकाचा फोटो मोबाइलवर ठेवा आणि समोर उभं राहून ताडून बघा. सौ.ना समुद्रकिनारा आहेच.

नाणेवेडा: समुद्र ऐकून घरून तत्काळ मंजुरी! गाडी थेट आहे का?

समुद्रपक्षी: बोलोन्याला बदला. ते चर्च आजही शहराचं कॅथेड्रल आहे, तेव्हा प्रार्थनेच्या वेळा टाळून जा.