हाफ-लाइफ (१९९८) पहिल्यांदाच खेळायचाय: मूळ की ब्लॅक मेसा?

निळीशाई: नमस्कार. हाफ-लाइफ कधीच खेळले नाही. लॅपटॉप जुना आहे, ४ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. बजेट ३०० रुपये, वर एक रुपयाही नाही. मूळ गेम घेऊ की ब्लॅक मेसा? शेवट फसलाय म्हणतात, ते खरं का?

रानकवठ: ब्लॅक मेसा, डोळे मिटून. चाहत्यांनी वर्षानुवर्षं खपून हाच गेम नव्याने बांधला, २०२० मध्ये पूर्ण झाला. मूळ गेममधलं झेन, म्हणजे शेवटचा परक्या जगातला भाग, तिथे तरंगत्या दगडांवर नुसत्या उड्या. मी यासाठी नवं कार्ड घेतलं, पैसे वसूल झाले. तूही घेऊन टाक.

भुईकोट: लॅपटॉपमध्ये कार्ड कुठे बसवणार? प्रश्न तरी वाचा. निळीशाई, मूळ घे. सुरुवातीला ट्राममधून प्रयोगशाळेत जाताना कितीतरी वेळ एक गोळीही झाडायची नसते. लोक कामं करत असतात, तू बघतेस. मग प्रयोग बिघडतो आणि त्याच वाटांवरून जीव मुठीत धरून परतावं लागतं. गॉर्डनच्या, म्हणजे आपल्या पात्राच्या, नजरेतून खेळ एकदाही बाहेर पडत नाही, मध्ये थांबून कोणी गोष्ट सांगत बसत नाही. सैनिक बाजूने घेरतात, लपलीस तर हातबॉम्ब टाकून बाहेर काढतात.

तिठा: गेम बनवणाऱ्या व्हॉल्व्हने त्यासाठी स्वतःचं इंजिन, म्हणजे गेम चालवणारं सॉफ्टवेअर, लिहिलं होतं.

भुईकोट: नाही. क्वेक या आधीच्या गेमच्या इंजिनाचा परवाना घेऊन त्यात भरपूर बदल केले.

तिठा: एवढे बदल केल्यावर ते स्वतःचंच झालं की.

मेणबत्ती: मूळलाच माझं मत, पण झेन आलं की थांब. झेनमध्ये उडी चुकली आणि खाली पडतापडताच माझ्याकडून एफ-६, म्हणजे झटपट सेव्हचं बटण, दाबलं गेलं. त्यानंतर जेव्हा लोड करावं तेव्हा मरण. आधीचं सेव्ह तीन प्रकरणं मागचं होतं. पुन्हा हात लावला नाही, अजून राग येतो. मेनूत जाऊन वेगळं सेव्ह करत जा.

रानकवठ: म्हणूनच म्हणतो, ब्लॅक मेसा. 'ऑन अ रेल' प्रकरणातला रुळांचा कंटाळवाणा चक्रव्यूहसुद्धा त्यात छाटलाय.

सांजवारा: वर म्हटलंय तसं मूळच घे. नावात 'सोर्स' असलेली आवृत्ती मात्र नको, त्यात बग फार आहेत. नोव्हेंबर २०२३ च्या अपडेटपासून मूळ गेम रुंद पडद्यावर नीट दिसतो, 'अपलिंक' हा छोटा डेमोही त्यातच मिळतो. तुझ्या लॅपटॉपवर आरामात चालेल. सेलची वाट बघ. झेन सोडलंस तरी चालेल.

मेणबत्ती: तेच तर मी म्हटलं.

निळीशाई: सगळ्यांचे आभार. सेलमध्ये मूळ घेतला, ३०० च्या आत बसला. झेन मात्र सोडणार नाही. एवढे सगळे ज्याच्यावर चिडलेत, ते शेवटपर्यंत खेळूनच मला मत बनवायचंय. सध्या 'ब्लास्ट पिट' प्रकरणात आहे. तिथल्या विहिरीतल्या राक्षसी सोंडांना दिसत नाही, फक्त ऐकू येतं, हे कळायला चार वेळा मरावं लागलं. आता एका बाजूला हातबॉम्ब टाकते आणि दुसरीकडून वाकून सरकते. त्यांना जाळणारं रॉकेट इंजिन पेटवायला इंधन आणि ऑक्सिजन सुरू केलाय, वीज राहिलीय.