उंदराच्या टी पेशींवर रँक-एल दिसत नाही. प्रतिपिंडाची नवी कुपी मागवावी का?

प्लीहावासी:
नमस्कार. संधिदाहाच्या प्रयोगासाठी उंदराच्या टी पेशींवर रँक-एल (हाडे झिजवणाऱ्या पेशींना घडवणारे प्रथिन) किती आहे, हे मला फ्लो सायटोमेट्रीने, म्हणजे चमकणारे प्रतिपिंड चिकटवून एकेक पेशी यंत्राने मोजण्याच्या पद्धतीने, मोजायचे आहे. प्लीहेतील टी पेशी मी सीडी-३ आणि सीडी-२८ विरोधी प्रतिपिंडांनी ४८ तास उत्तेजित करते, शेवटचे ४ तास पीएमए व आयोनोमायसिन ही पेशींना जोरात चेतवणारी रसायने घालते आणि मग फायकोएरिथ्रिन हे चमकणारे रंगद्रव्य जोडलेले आयके२२/५ हे रँक-एलविरोधी प्रतिपिंड वापरते. आलेख आयसोटाइप नियंत्रणापासून (त्याच प्रकारच्या, पण रँक-एलला न ओळखणाऱ्या प्रतिपिंडापासून) जेमतेम हलतो. नवजात पिल्लांच्या कवटीतील ऑस्टिओब्लास्टना (हाड बनवणाऱ्या पेशींना) सक्रिय ड जीवनसत्त्व देऊन पाहिले, पण ट्रिप्सिनने सोडवलेल्या त्या पेशींवरही काही दिसले नाही. आरएनए मात्र दोन्हीकडे स्पष्ट वाढलेला आहे. कुपी खराब असेल का? किंमत पाहता आधी विचारलेले बरे.

झीज_आणि_भर:
कुपीवर संशय घेण्याआधी त्या शेवटच्या ४ तासांवर घ्यावा, असे मला वाटते. रँक-एल हे पेशीपटलात रोवलेले प्रथिन असून त्याचा बाहेरचा भाग एडॅम-१० आणि एमएमपी-१४ यांसारखी विकरे छाटून टाकतात. पीएमए आणि आयोनोमायसिन या जातीच्या विकरांना चेतवतात. त्यामुळे पेशी प्रथिन भरपूर बनवत असली, तरी आपण नळी यंत्राला लावतो तोवर त्यातले बरेचसे माध्यमात निघून गेलेले असू शकते, आणि आरएनए वाढूनही पृष्ठभाग कोरा दिसण्याचे कोडे यातून सुटते. ते दोन्ही पदार्थ वगळून २४, ४८ आणि ७२ तासांना पेशी तपासाव्यात. एका नळीत जीएम६००१ हा मेटॅलोप्रोटिएज-रोधक, म्हणजे या छाटणाऱ्या विकरांना अडवणारा पदार्थ, घालावा. तेवढ्या नळीतच आलेख सरकला तर निदान झाले. टी पेशी या प्रथिनाचा काही साठा आत, लायसोसोमसारख्या पुटिकांत ठेवतात, म्हणून पेशीपटल सच्छिद्र करून आतले रंजनही करून पाहावे.

ऑस्टिओब्लास्टचे कारण त्याहून साधे असू शकते. ज्या प्रथिनाचा पेशीबाहेरचा भाग शोधायचा, त्यालाच ट्रिप्सिन हे प्रथिने तोडणारे विकर पाजण्यात अर्थ नाही. विकरविरहित ईडीटीए द्रावणाने पेशी सोडवाव्यात.

अंधारी_खोली:
वरील मताशी सहमत आहे, तरी प्रतिपिंडाला इतक्या लवकर निर्दोष सोडू नये. फायकोएरिथ्रिन हे मोठे प्रथिन असून गोठवल्यास बिघडते. कुपी कधी उणे २० अंशांत गेली होती का, किंवा ओट्यावर उजेडात राहिली होती का, याची प्रयोगशाळेत चौकशी करावी. असे प्रकार कोणी आपणहून सांगत नाही. आयके२२/५ हे घुशीचे (रॅटचे) आयजीजी-२ए प्रकारचे प्रतिपिंड असल्याने प्लीहेतील बी पेशी आणि मॅक्रोफेज ते एफसी ग्राहींवरही (प्रतिपिंडाचे शेपूट पकडणाऱ्या रेणूंवरही) पकडतात. २.४जी२ या प्रतिपिंडाने ते ग्राही आधी बंद करावेत, मृत पेशी रंगाने वगळाव्यात आणि मात्रा उतरत्या क्रमाने तपासावी. मात्रा जास्त झाली की पार्श्वभूमी उजळते आणि आयसोटाइपचा आलेखही सोबत सरकतो.

कुपीचा निकाल मात्र एकाच प्रयोगाने लागेल. एखाद्या पेशीवंशात उंदराचे रँक-एल जनुक घालावे, मूळ वंश शेजारी ठेवावा आणि दोन्हींवर तेच प्रतिपिंड वापरावे. रँक-एलच नसलेल्या उंदराच्या पेशी तत्त्वतः याहूनही चांगले नियंत्रण ठरतील, पण त्या प्राण्यांची हाडे दगडासारखी घट्ट होतात, दात हिरडीबाहेर येत नाहीत आणि लसिका ग्रंथी तयारच होत नाहीत. केवळ कुपी तपासण्यासाठी अशी वसाहत कोणी पाळणार नाही.

प्लीहावासी:
दोघांचे आभार. कुपी गोठवलेली नाही. ट्रिप्सिनचा दोष मात्र निःसंशय माझा. आमच्याकडे डेनोसुमॅब (रँक-एलविरोधी प्रतिपिंड असलेले हाडांचे औषध) थोडे उरले आहे. त्याला रंगद्रव्य जोडून पडताळा घेता येईल का?

झीज_आणि_भर:
उंदरात नाही. डेनोसुमॅब मानवी रँक-एलला घट्ट बांधते, पण उंदराच्या रँक-एलला ओळखत नाही. म्हणूनच त्या औषधाच्या अभ्यासासाठी रँक-एलचा काही भाग मानवी केलेले उंदीर मुद्दाम तयार करावे लागले होते. मानवी टी पेशी हाती घ्याल तेव्हा ते जरूर वापरून पाहा. तेथे आयके२२/५ ऐवजी मानवी प्रथिनासाठीचा एमआयएच२४ हा क्लोन (प्रतिपिंडाचा वाण) मागवावा लागेल.