मदत हवी आहे: ७८च्या तबकड्यांसाठी ब्लूटूथवाला सुटकेस रेकॉर्ड प्लेअर कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी,

सुटकेससारखा बंद करून नेता येईल असा रेकॉर्ड प्लेअर घ्यायचा आहे. इथे कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दुकानांत विचारून झालं, ऑनलाइनही बरंच चाळलं, पण जेवढं वाचावं तेवढा गोंधळ वाढतोय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मंगळवार पेठेत आमचा जुनं गाणं ऐकणाऱ्यांचा छोटासा गट आहे. अधूनमधून कुणाच्या तरी घरी बसतो. गटातल्या सगळ्यात ज्येष्ठ काकांकडे लाखेच्या ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, तबकड्यांचा मोठा साठा आहे. नाट्यपदं, ख्याल, थोड्या लावण्या, शिवाय काही एलपी, म्हणजे नंतरच्या ३३ फेऱ्यांच्या तबकड्या. त्यांचा जुना चेंजर (एकामागून एक तबकड्या आपोआप लावणारा प्लेअर) बंद पडलाय आणि त्याचे पार्ट कुठे मिळत नाहीत. काकांना ऐकूही कमी येतं. टीव्हीसाठी मुलीनं आणून दिलेला ब्लूटूथ हेडफोन लावला की मात्र स्वच्छ ऐकू येतं. परवा त्याच हेडफोनवर मोबाइलवरून गायिका केसरबाई केरकर लावून दिल्या, तर डोळे मिटून तान कुठून कुठे जाते ते बोटांनी मांडीवर दाखवत बसले. संपल्यावर म्हणाले, "आता माझ्या तबकडीवरची ऐकव."

तेवढ्यासाठी हा खटाटोप. केसरबाईंचे गुरू, गायक अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी इथे राहिले, १९४६ साली गेले, पण त्यांच्या स्वतःच्या गाण्याचं ध्वनिमुद्रण मागे नाही. त्यांची गायकी कानावर पडायची ती केसरबाई, मोगूबाई कुर्डीकर या शिष्यांच्या आवाजातून. या तबकड्या नुसत्या कपाटात राहू नयेत आणि चुकीच्या मशीनवर घासूनही जाऊ नयेत, असं मनापासून वाटतं.

आता अडचणी. पहिली म्हणजे ब्लूटूथ. खोक्यावर सगळीकडे मोठ्या अक्षरात ब्लूटूथ लिहिलेलं असतं. एका दुकानात मी विचारलं की रेकॉर्डचा आवाज हेडफोनला जाईल का, तर विक्रेत्यानं आपला मोबाइल जोडून प्लेअरच्या स्पीकरवर गाणं लावून दाखवलं. मला नेमकं उलटं हवंय. हे मॉडेल न उघडता ओळखायचं कसं?

दुसरी सुईची. अशा स्वस्त प्लेअरची सुई रेकॉर्ड खराब करते, असं बरेच जण लिहितात. ते ७८ला लागू आहे की एलपीला? ३३, ४५ आणि ७८ हे वेग तिन्ही हवेत हे नक्की. ऑडिओ टेक्निकाचा ब्लूटूथवाला 'एलपी ६०' नावाचा प्लेअर बघितला, पण त्यावर फक्त ३३ आणि ४५ आहे.

बजेट दहा हजारांच्या आसपास. स्कूटरवरून नेता आला पाहिजे. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

दादा, ब्लूटूथचं आधी सांगतो, कारण बहुतेक जण तिथेच फसतात. 'ब्लूटूथ इन' किंवा 'रिसीव्हर' म्हणजे मोबाइलचं गाणं प्लेअरच्या स्पीकरवर. तुम्हाला हवंय ते 'ब्लूटूथ आउट' किंवा 'ट्रान्समीटर'. माहितीपत्रकात यांपैकी शब्द स्पष्ट नसेल तर ती सोय नाही असंच धरा. क्रॉसली, व्हिक्ट्रोला यांच्या सुटकेस प्लेअरमध्ये आउटवाली मॉडेल्स आहेत, पण त्याच कंपन्यांची नुसती इनवाली मॉडेल्सही निघालेली आहेत. त्यामुळे कंपनीच्या नावावर जाऊ नका, मॉडेल बघा.

माझं मत विचाराल तर ब्लूटूथसाठी जादा पैसे घालूच नका. मागे आवाज बाहेर नेणाऱ्या लाल-पांढऱ्या आरसीए पिना असलेला तीन वेगांचा साधा प्लेअर घ्या आणि त्याला वेगळा ब्लूटूथ ट्रान्समीटर जोडा. काडेपेटीएवढा असतो, पिशवीत मावतो. पुढे प्लेअर बदलला तरी तो उपयोगी पडतो. जोडताना एक लक्षात ठेवा: अशा ट्रान्समीटरला बहुधा स्क्रीन नसतो, जवळचं जे उपकरण पेअरिंगला असेल त्यालाच तो चिकटतो. त्या वेळी खोलीतले बाकीचे ब्लूटूथ स्पीकर बंद ठेवा.

प्रतिसाद

सुईचं मी सांगते, वडिलांच्या तबकड्या मीच सांभाळते.

७८ची खाच रुंद असते आणि १९४८नंतर आलेल्या एलपीची बारीक. एलपीची सुई साधारण ०.७ ते १ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), ७८ला सुमारे ३ मिलची लागते. बारीक सुई ७८वर ठेवली तर ती खाचेच्या भिंतींना न टेकता तळाशी घसरते. तिथे सगळी घाण साठलेली असते, म्हणून गाण्यापेक्षा खरखर जास्त ऐकू येते. प्लेअरबरोबर येणारी सुई बहुतेक वेळा एलपीचीच असते. घेण्याआधी त्या कार्ट्रिजला (सुई बसते त्या भागाला) ७८ची सुई वेगळी मिळते का, हे नक्की विचारा. तिथे नाही म्हणाले तर तो प्लेअर सोडून द्या.

वजनाचं म्हणाल तर या प्लेअरच्या सुईचा दाब पाच ग्रॅमच्या आसपास असतो आणि चांगल्या टर्नटेबलवर दोन ग्रॅमच्या आगेमागे. जुन्या चावीच्या फोनोग्राफवर पोलादी सुईचा दाब शंभर ग्रॅमच्याही वर असायचा आणि लाखेच्या तबकड्या तो सोसायच्या. तेव्हा ७८ची काळजी करू नका, फक्त सुई योग्य हवी. एलपी मात्र जपा. काकांच्या ज्या एलपी पुन्हा मिळणार नाहीत, त्या या प्लेअरवर वारंवार लावू नका. नीलमणी सुई लवकर झिजते, एक जादा आणून ठेवा.

आणि कृपया लाखेची तबकडी स्पिरिटनं किंवा सॅनिटायझरनं पुसू नका, लाख विरघळते. आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशी धरतेच. डिस्टिल्ड वॉटर, मऊ कापड, मधल्या लेबलला पाणी लागू द्यायचं नाही आणि लगेच कोरडी करायची. ठेवायच्या त्या उभ्या.

प्रतिसाद

भावा, एक बारकी गोष्ट. सुटकेसचे स्पीकर त्याच पेटीत असतात, आवाज वाढवला की पेटी थरथरते आणि सुई उडते. काकांना हेडफोन देणारच आहेस, बाकीच्यांसाठी आरसीएतून बाहेरचा स्पीकर जोड आणि पेटीचा आवाज बंदच ठेव. शिवाय ऑटोस्टॉपचं बटण असलेलाच घे. ७८वर काही वेळा तबकडी संपायच्या आधीच प्लेअर थांबतो, तेव्हा ते बंद करता आलं पाहिजे. बारा इंची एलपी लावल्यावर झाकण लागत नाही, हेही घरच्यांना सांगून ठेव.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, ७८च्या सुईचा मुद्दा एकाही दुकानात कुणी काढला नव्हता. ठरवलंय ते असं: तीन वेग, आरसीए आउट, बंद करता येणारा ऑटोस्टॉप आणि वेगळी मिळणारी ३ मिलची सुई. ट्रान्समीटर निराळा घेईन. काकांच्या एलपी तूर्त कपाटातच राहतील.

आता एवढंच विचारायचं राहिलंय. एकाच ट्रान्समीटरवर काकांचा हेडफोन आणि बैठकीचा स्पीकर दोन्ही एकदम चालतात असे प्रकार मिळतात म्हणे. कुणी वापरलाय का? दोन्हीकडचा आवाज मागेपुढे होत असेल तर स्पीकरला वायरच लावतो.